ती मुद्दाम करत नव्हती

माझ्या मुलीचं अक्षर बिघडलं तेव्हा ती चौथीत होती, आणि मी पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना अक्षर वळवायला शिकवत आले होते. निपाणीपासून आठ-नऊ किलोमीटरवर एका गावातल्या सरकारी मराठी शाळेत मी शिक्षिका आहे. पहिली-दुसरीचे वर्ग माझ्याकडे असतात. मुलगी मात्र निपाणीतल्या इंग्रजी शाळेत जायची. तिथं मराठी नाहीच, म्हणून रोज संध्याकाळी अर्धा तास मी तिला घरी मराठी शिकवायचे. तिचं अक्षर गोल, टपोरं होतं. माझ्या वर्गातल्या पोरांना दाखवायला मी तिची वही शाळेत घेऊन जात असे, इतका मला त्या अक्षराचा अभिमान.

निपाणीतल्या घरात आम्ही तिघंच. मी, मुलगी आणि माझे सासरे. त्यांना आम्ही सगळेच आप्पा म्हणतो, मुलगीसुद्धा. नवरा खानापुरात वीज खात्यात नोकरीला, तो शनिवारी संध्याकाळी येतो आणि सोमवारी पहाटे जातो. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. आप्पांचं सगळं आयुष्य तंबाखूच्या शेतात आणि म्हशींच्या गोठ्यात गेलं. आता शेत चुलतदीर बघतात, पण गावाकडच्या गोठ्यात दोन म्हशी आहेत आणि आप्पा एक दिवसाआड तिकडं जाऊन त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलून येतात. आमच्याशी मराठी आणि म्हशींशी कन्नड, असं का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, देवदर्शन, दिवस मावळायच्या आत जेवण, आणि मधल्या वेळात नात. एवढंच त्यांचं वेळापत्रक.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी तिचा घसा दुखला. ताप आला, गिळताना रडू यायचं. शाळेत बऱ्याच मुलांचं तसंच चाललं होतं. मी हळद-मिठाच्या गुळण्या करायला लावल्या, घरात असलेलं तापाचं पातळ औषध दिलं. चौथ्या दिवशी ती उठून खेळायला लागली. मी ते विसरूनही गेले. घसा दुखला म्हणून कोण एवढं मनावर घेतं?

संक्रांतीच्या सुमारास तिच्या हातातून वस्तू पडायला लागल्या. आधी दुधाचा पेला. मग शेंगाच्या चटणीची वाटी. मग कंपास पेटी, दिवसातून चारदा. वेणी घालायला समोर बसवलं की मान एका जागी राहायची नाही. खांदा उडायचा, हात झटकला जायचा, भुवई वर जायची, तोंड वाकडं व्हायचं, आणि लगेच काही झालंच नाही असा चेहरा करून ती तो हात फ्रॉकवरून फिरवायची किंवा केस मागं सारायची. पुढं मला कळलं की ती आपला हात लपवत होती. तेव्हा मला तो चाळा वाटला.

शाळेच्या डायरीत तिच्या वर्गशिक्षिकेनं लिहून पाठवलं की ही वर्गात वेडीवाकडी तोंडं करते, बाकीची मुलं हसतात, तिला समजावून सांगा. मी सही केली आणि समजावून सांगितलं. सव्वीस जानेवारीच्या कवायतीत ती दुसऱ्या रांगेत होती. मी माझ्या शाळेचं झेंडावंदन उरकून धावतपळत तिथं पोहोचले, तर ती मैदानाच्या कडेला एकटी बसलेली. कवायतीच्या सरांनी रांगेतून बाजूला काढलं होतं. सगळ्यांचे हात समोर असताना हिचा एक हात पाण्यातल्या माशासारखा वळवळत होता, असं तिची मैत्रीण मला सांगत होती, आणि मुलगी बुटाच्या नाडीकडे बघत होती.

पुढच्या रविवारी जे झालं ते लिहायला मला अजून जड जातं.

दुपारची वेळ होती. नवरा गावाकडं गेला होता, आप्पा ओसरीवर पेपर वाचत होते. मी तिला शुद्धलेखनाचं एक पान काढायला बसवलं. ती लिहीत होती, पण अक्षरं ओळ सोडून धावत होती. 'क'चा दांडा खालच्या ओळीत, वेलांटी भलतीकडंच. पेन्सिलीचं टोक तीनदा मोडलं. मी पान फाडलं आणि परत लिही म्हटलं. दुसरं पान त्याहून वाईट.

"हात ऐकत नाही गं आई," ती म्हणाली.

"हात कुणाचा आहे? तुझाच ना? मग तुझंच ऐकणार."

"नाही ऐकत."

मी फूटपट्टी घेतली आणि तिच्या हातावर मारली. फार जोरात नव्हे, असं मी स्वतःला सांगत आले आहे. ती रडली. रडता रडता एकदम हसली, आणि परत रडायला लागली. त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. मला वाटलं, ही मला खिजवते आहे. मी वही उचलून कपाटावर ठेवून दिली आणि आत निघून गेले.

अर्ध्या तासानं बाहेर आले तर ती जमिनीवरच झोपली होती. उजवा हात डोक्याशी पसरलेला, अगदी गप्प. एक बोटही हलत नव्हतं. मी बराच वेळ बघत उभी राहिले. मनात आलं, झोपेत कसा हात शांत राहतो? म्हणजे जागेपणी ही मुद्दामच करते. त्या शांत हाताचा मला रागच आला.

फूटपट्टीचा आवाज आप्पांनी ऐकला होता. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते तिला म्हशी बघायला म्हणून गावाकडं घेऊन गेले. परत आले ते चपला न काढता स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. असं ते कधी करत नाहीत.

"बाई, हिचा हात धरून बघ जरा."

"काय झालं?"

"धरून तर बघ."

मी तिचा उजवा हात हातात घेतला. तिची बोटं माझी बोटं दाबत होती, सोडत होती. परत दाबत, परत सोडत. एक बोट, मग दुसरं, मग सगळी.

"स्टँडपासनं गोठ्यापतोर हात धरून चालवलं," आप्पा म्हणाले. "सगळी वाट ही माझ्या हाताची धार काढतीया. मी म्हटलं, गप धर की गं बाळ. तर म्हणती, आप्पा, गपच धरलाय. पोरगी खोटं बोलत न्हाय. म्हशीची धार काढायला मी साठ वर्सं बसलोय, हात मुद्दाम हलवला तर कळतंय मला. ह्यो तिचा ती हलवत न्हाय, ह्यो आपला आपण हलतोय. उद्या रजा टाक."

मी म्हटलं, "परवा केंद्रातल्या शिक्षकांची मीटिंग आहे, तयारी उद्याच करायची आहे."

"परवाची परवा. उद्या टाक."

आमचे निपाणीचे डॉक्टर म्हातारे आहेत. नवऱ्याच्या लहानपणापासून घरातली सगळी आजारपणं त्यांच्याकडंच. त्यांनी तिला जीभ बाहेर काढून ठेवायला सांगितलं. जीभ बाहेर आली आणि लगेच आत गेली. परत बाहेर, परत आत. त्यांनी चष्मा काढला आणि मला विचारलं, "मागे दोन-चार महिन्यांत घसा धरला होता का हिचा?"

मला आठवायला वेळ लागला. "दिवाळीच्या आधी," मी म्हटलं. "पण ते तर बरं झालं."

"घसा बरा झाला," ते म्हणाले. आणि त्यांनी बेळगावच्या मुलांच्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी लिहायला घेतली.

दोन दिवसांनी आम्ही बेळगावला गेलो. नवरा खानापूरहून थेट दवाखान्यात आला. आप्पांना मी राहा म्हणत होते, पण ते आमच्या आधीच आवरून दारात बसले होते.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या, घरची भाषा कन्नड, मराठी अगदी साफ पण जरा सावकाश बोलणाऱ्या. आमच्याशी बोलायच्या आधी त्यांनी मुलीला समोरच्या स्टुलावर बसवलं. दोन्ही हात पुढं करायला सांगितले. हात पुढं आले आणि मनगटं खाली वाकली, बोटं उलटी वर उठली. मग त्यांनी आपली दोन बोटं तिच्या मुठीत दिली आणि म्हणाल्या, "घट्ट धर, सोडू नको."

आप्पांना राहवलं नाही. "धार काढल्यागत करतीया न्हवं?"

डॉक्टरबाईंनी मान वर करून त्यांच्याकडं बघितलं. "तुमच्या घरी म्हशी आहेत का?"

"हायत की दोन."

"आमच्या पुस्तकात याला हेच म्हणतात, आजोबा. दूध काढणाऱ्या बाईची पकड. हे तुम्ही कुणाकडून ऐकलंत?"

"कुणाकडनं न्हाय. हिचा हात धरून चाललो."

त्यांनी मग मला विचारलं, "झोपेत हात हलतो का?"

"नाही," मी म्हटलं. "झोपेत एकदम शांत असतो." आणि माझ्याच तोंडून ते ऐकताना मला पुढचं कळलं. त्या मान हलवत लिहीत होत्या. या आजारात असंच असतं, झोपेत सगळं थांबतं. ज्या गोष्टीवरून मी तिला खोटं ठरवलं होतं, तीच गोष्ट त्या आजाराची खूण म्हणून कागदावर लिहिली जात होती.

मग त्या मुलीकडं वळल्या. तिचा तो हात दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "हे बघ, तू हे मुद्दाम करत नाहीस. मला माहीत आहे."

मुलगी त्यांच्याकडं बघत राहिली. बऱ्याच दिवसांपासून तिचं बोलणंही जरा जड झालं होतं, शब्द अडखळत यायचे. ती म्हणाली, "आईला सांगा."

नवऱ्याला रविवारचं काही माहीत नव्हतं, तो माझ्याकडं बघायला लागला. आप्पा खिडकीकडं बघत होते. डॉक्टरबाई माझ्याकडं वळल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "आई, ती मुद्दाम करत नाही." जणू मी विचारलं होतं आणि त्यांनी उत्तर दिलं. त्यांच्या त्या सौजन्याबद्दल मी आजही त्यांची आभारी आहे.

नंतर त्यांनी नीट समजावून सांगितलं. घशात जे जंतू आले, त्यांच्याशी लढायला शरीरानं आपली फौज तयार केली. जंतू गेले, पण फौज तशीच फिरत राहिली. हालचाली ताब्यात ठेवणारा मेंदूचा जो भाग असतो, तो या फौजेला त्या जंतूंसारखाच वाटला, आणि तिनं आपल्याच घरावर हल्ला केला. म्हणून हात-तोंड आपोआप हलतं, म्हणून कारण नसताना रडू येतं, हसू येतं. शाळेच्या वयातल्या मुलांना होतं, मुलींना जास्त. त्यांनी नाव सांगितलं, कोरिया. संधिवाताचा ताप म्हणतात, त्याच्याच घरातला हा आजार.

"वेड वगैरे तर लागणार नाही ना?" नवऱ्यानं विचारलं.

"नाही. हे बहुतेक मुलांचं काही महिन्यांत थांबतं. मला हाताची काळजी नाही. मला हृदय बघायचं आहे."

त्याच दुपारी तिची एको तपासणी झाली. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर तिचं हृदय उघडझाप करत होतं, आणि एका झडपेपाशी प्रत्येक ठोक्याला बारीकशी रंगीत रेघ मागं यायची. झडप थोडी गळत होती. थोडीच, पण गळत होती. दर वेळी घसा धरला आणि हे परत उसळलं, तर ती गळती वाढू शकते, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. म्हणून हात थांबवायचं औषध काही महिने, आणि पेनिसिलिनचं इंजेक्शन दर एकवीस दिवसांनी, एकवीस वर्षांची होईपर्यंत तरी. कदाचित पुढंही.

ती तेव्हा नऊ वर्षांची होती.

परतीच्या वाटेवर बस संकेश्वरला थांबली. नवरा तिला उसाचा रस पाजायला खाली घेऊन गेला. आप्पा माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसले. दवाखान्यात त्यांनी डॉक्टरबाईंना एकच गोष्ट दोनदा विचारली होती, हा आजार जुना आहे का, पूर्वी पण व्हायचा का.

"मला एक आक्का होती," ते म्हणाले. "तुला ठाव न्हाय. कुणालाच ठाव न्हाय आता."

मला खरंच माहीत नव्हतं. घरात तिचा एक फोटोसुद्धा नाही.

"माझ्यापेक्षा चार वर्सांनी मोठी. अशीच करायची. अश्शीच. पाण्याची घागर पडायची, भाकरी थापताना हात भलतीकडं जायचा. आई मारायची. लोक म्हणायचे बाहेरचं काय तरी हाय. कुठं कुठं नेलं तिला, अंगारा लावला, मिरच्या जाळून धुरी दिली. शाळेतनं काढली. मग एका वर्सानं आपोआप बरी झाली. सगळ्यांना वाटलं, सुटली."

बाहेर रसाच्या गाड्याची घंटी वाजत होती. आप्पा आपल्या हाताकडं बघत होते.

"लगीन झालं सतराव्या वर्षी. पहिलं बाळंतपण. चालता येईना, दम लागायचा. पायऱ्या चढताना बसायची. बाळ झालं आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. छाती भरली म्हणाले. कुणी सांगितलं न्हाय छातीचा आणि हाताचा काय संबंध. आज त्या बाईनं सांगितलं." ते जरा थांबले. "मी तिची नक्कल करून दाखवायचो. पोरांना गोळा करून. सगळी हसायची. ती पण हसायची."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. सासऱ्याच्या हातावर सुनेनं हात ठेवायची आमच्याकडं पद्धत नाही. त्यांनी तो काढला नाही. मग रस पिऊन मुलगी वर आली, फ्रॉकवर पुढं सगळा रस सांडलेला, आणि म्हणाली, "आप्पा, तुमच्यासाठी ठेवला होता, पण सांडला." आप्पा म्हणाले, "असू दे, मला गोड चालत न्हाय." त्यांना गोडाइतकं दुसरं काही आवडत नाही.

त्या संध्याकाळी मी तिची माफी मागितली. वेणी सोडताना, पाठीमागून, कारण समोरून मला जमलं नसतं. मी म्हटलं, "मी तुला मारायला नको होतं. मला माहीत नव्हतं."

"पण मी सांगितलं होतं," ती म्हणाली.

"हो. तू सांगितलं होतंस."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. ते तिनं माफ केलं म्हणून म्हटलं, की मी कबूल केलं म्हणून, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

पुढचे महिने सोपे नव्हते, पण त्यांतलं मला जे आठवतं ते बहुतेक सगळं गोडच आहे. दवाखान्यातून आल्यावर दुसऱ्या दिवशी मी तिच्या शाळेत गेले. वर्गशिक्षिका जेमतेम पंचवीसची होती. मी सांगत गेले तशी ती रडायला लागली, डायरीत लिहिलेलं आठवून. मीच तिची समजूत घातली. मी तिला म्हटलं, तुम्ही निदान लिहून पाठवलंत, मी तर फूटपट्टी उचलली. त्यानंतर तिनं वर्गाला काय सांगितलं मला माहीत नाही, पण मुलीच्या बाकावर बसणारी तिची मैत्रीण रोज मधल्या सुट्टीत तिच्या डब्याचं झाकण उघडून द्यायची, आणि शाळा सुटताना दप्तराचे पट्टे लावून द्यायची. एकदा मी तिला थँक्यू म्हटलं तर ती म्हणाली, "ती मला गणित सांगते ना."

लेखी परीक्षेला तिला बसता येणार नव्हतं. शाळेनं तोंडी घेतली. मी घरी शुद्धलेखन बंद केलं. त्या अर्ध्या तासात ती सांगायची आणि मी लिहायचे. तिनं मला म्हशींची एक लांबलचक गोष्ट सांगितली. त्यात एक म्हैस बेळगावला एको काढायला जाते. ती वही अजून माझ्याकडं आहे. अक्षर माझं, पण शब्द सगळे तिचे.

जेवण आप्पांनी आपल्याकडं घेतलं. हातातला घास तोंडापर्यंत नीट जायचा नाही, आणि मी भरवलेलं तिला आवडायचं नाही, मोठी झाली होती ना. आप्पांनी युक्ती काढली. दिवस मावळायच्या आत दोघं एका ताटात जेवायला बसायची. एक घास ती आप्पांना भरवायची आणि एक आप्पा तिला. तिचा घास कधी त्यांच्या गालाला लागायचा, कधी मिशीला, एकदा तर कानात भात गेला. आप्पा गंभीर चेहऱ्यानं कान पुसायचे आणि म्हणायचे, "लई चवीचा हाय कानाला." ती हसून हसून लोळायची. ते हसणं आजाराचं नव्हतं. त्यातला फरक मला आता कळायला लागला होता.

आणि इंजेक्शन. निपाणीच्या डॉक्टरांकडं द्यायची सोय झाली. दर वेळी आधी कातडीवर थोडं टोचून अर्धा तास बघायचं, मग ते खरं. घट्ट दुधासारखं औषध, जाड सुई, कमरेखाली. मोठी माणसं ओरडतात त्याला. पहिल्या वेळी तिनं एवढा आकांत केला की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले. दुसऱ्या वेळी तिनं नर्सला अट घातली की मी कन्नडमध्ये महिन्यांची नावं म्हणणार, आणि चैत्रापासून फाल्गुनापर्यंत संपल्याशिवाय सुई काढायची नाही, म्हणजे घाई करायची नाही. औषध हळूच द्यावं लागतं, त्यामुळं नर्सला ते सोयीचंच होतं. आजही ती तेच करते. भाद्रपदाला आवाज थोडा चढतो, एवढंच.

घेऊन जायचं काम आप्पांचं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांनी वर्षभराच्या सगळ्या तारखांना लाल गोल केले होते. एकदा कोल्हापूरला माझ्या मामेबहिणीच्या घरची वास्तुशांत इंजेक्शनच्याच दिवशी आली. मी म्हटलं, "दोन दिवसांनी दिलं तर काय बिघडतंय? डॉक्टरांना विचारते फोन करून."

आप्पा म्हणाले, "तू जाऊन ये. आमी दोघं हितंच हाय."

"आप्पा, सगळे तिला विचारतील."

"विचारू देत. आक्काला ह्ये मिळालं न्हाय. हिला मिळतंय तर येळेवर मिळू दे."

मी एकटीच गेले. संध्याकाळी परत आले तेव्हा ती पोटावर झोपून चित्रकलेची वही रंगवत होती आणि आप्पा गरम पाण्याच्या पिशवीचं झाकण उघडायची खटपट करत होते.

हात एकदम थांबला नाही. आधी चेहरा शांत झाला, मग खांदा. बोलणं मोकळं झालं. मे महिन्यात ती स्वतःची बटणं लावायला लागली. जुलैत एका सकाळी तिनं काठोकाठ भरलेला दुधाचा पेला दोन्ही हातांत नाही, एकाच हातात धरला, आणि स्वयंपाकघरातून ओसरीपर्यंत चालत जाऊन आप्पांच्या पुढं ठेवला. मग परत आली आणि मला म्हणाली, "आता तुला दाखवते," आणि दुसरा पेला भरून तसंच केलं. तेवढ्यावर थांबली नाही. शेजारच्या काकूंना दाखवायचं म्हणून तिसरा भरला. त्या दिवशी चहाला दूध उरलं नाही.

अक्षर परत आलं, पण ते जुनं गोल टपोरं अक्षर आलं नाही. आता ते उजवीकडं जरा कललेलं, लांबट आहे. मला सुरुवातीला हुरहूर वाटायची. तिला मात्र आवडतं. मोठ्या माणसांसारखं दिसतं म्हणते.

माझ्या वर्गात आता फूटपट्टी रेघा मारायच्या कामाला असते. एखादं मूल चुळबुळ करायला लागलं किंवा एकाएकी गचाळ लिहायला लागलं की माझं काळीज हलतं. गेल्या वर्षी दुसरीतल्या एका मुलीचं अक्षर दोन महिन्यांत पार बिघडलं. तिची आई घरी विड्या वळते, तिला कामातून वेळ काढायला लावून मी दोघींना डॉक्टरांकडं पाठवलं. मुलीला चष्मा लागला होता. तिची आई नंतर शाळेत आली आणि म्हणाली, "बाई, लई घाबरवलंत की ओ." मी माफी मागितली. पण घशाचं विचारायचं मी सोडलेलं नाही. ताप आणि घसादुखी दोन्ही असेल तर गुळण्यांवर भागवू नका, डॉक्टरांना दाखवा, एवढं मी प्रत्येक पालकसभेत सांगते. काही जणी एकमेकींकडं बघून हसतात. हसू देत.

मुलगी आता आठवीत आहे. वर्षातून एकदा आम्ही बेळगावला एको काढायला जातो, आणि आप्पा अजूनही आमच्या आधी आवरून बसतात. मधे त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. गेल्या खेपेला डॉक्टरबाईंनी पडदा आमच्याकडं वळवून दाखवला. ती रंगीत रेघ आता केसाएवढी राहिली आहे. छातीला स्टेथोस्कोप लावला तर गळतीचा आवाजही येत नाही, म्हणाल्या. इंजेक्शन मात्र चालूच ठेवायचं.

आम्ही उठायला लागलो तरी आप्पा बसून राहिले.

"काय विचारायचंय, आजोबा?"

"पुढं लगीन झालं, बाळंतपण आलं, तर काय?"

"आप्पा," मुलगी दबक्या आवाजात म्हणाली आणि कपाळाला हात लावला.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. खुर्ची पुढं ओढून त्यांनी त्यांना सगळं नीट सांगितलं, कन्नडमध्ये, कारण आप्पांनी मधूनच कन्नडमध्ये विचारायला सुरुवात केली होती. तेव्हा परत तपासणी करू, तेव्हाचे डॉक्टर लक्ष ठेवतील, ही गळती इतकी कमी आहे की आज तरी भिण्यासारखं काही दिसत नाही, इंजेक्शन चुकवू नका. आप्पा प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. शेवटी त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, बराच वेळ पुसला, आणि उठले.

बाहेर येऊन आम्ही एका मिठाईच्या दुकानात कुंदा घेतला आणि झाडाखालच्या बाकावर बसून खाल्ला. आप्पांनी दोनदा घेतला. मुलगी म्हणाली, "पुढच्या वेळेपासून निपाणीत इंजेक्शनला मी एकटी जाणार. शाळेतून येताना रस्त्यातच आहे दवाखाना."

"जा की," आप्पा म्हणाले. "आत तू एकटीच जा. मी भायेर बाकावर बसतो."

"बाहेर तरी कशाला?"

"मला तिथला बाक आवडतोय."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी कुंद्याचा कागद गुंडाळत होते. ती म्हणाली, बरं, पण आत येऊन नर्सला काही सांगायचं नाही, आणि आप्पा म्हणाले, व्हय, आणि तीन आठवड्यांनी त्यांनी आत जाऊन नर्सला सुई जरा हळू टोचायला सांगितलंच.